आहेराची सीडी

मामींचा फोन सकाळी साडेसहाला आला. एवढ्या सकाळी गावाकडून फोन म्हणजे एक तर कुणी गेलं किंवा कुणाचं ठरलं, असा आमच्याकडचा हिशोब. यावेळी ठरलं होतं. वडूजच्या मावशींच्या नातवाचं लग्न सतरा दिवसांवर आलं होतं आणि मामी अडून बसल्या होत्या.

"तू दिल्याली शीडी लागंना."

"कुठली?"

"लग्नाची. दिवाळीत दिली न्हवतीस का? चकाकती."

आठवली. दोन वर्षांपूर्वी मी मामींकडून ताईच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, लग्नाच्या तीन सीड्या पुण्याला नेल्या होत्या. भाग १, भाग २, भाग ३. लग्न २००३ च्या मे महिन्यातलं. त्या तिन्ही मिळून मी एकच डीव्हीडी बनवली, तिला पारदर्शक डबी आणली, मार्करनं छान अक्षरात ताईचं आणि दाजींचं नाव घातलं आणि भाऊबीजेला मामींच्या हातात ठेवली. मामींनी ती देव्हाऱ्यापुढं ठेवली, हळदकुंकू लावलं आणि मग कपाटात ठेवून दिली. ती लागते की नाही, हे दोन वर्षांत मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भाच्यानं केलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं!

आता सांगण्याची वेळ आली ती आहेरामुळे. ताईच्या लग्नात वडूजच्या मावशींनी काय आहेर केला होता, ते मामींना आठवेना. आहेराची वही पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत होती. गेल्या वर्षी पत्रे बदलताना ट्रंक खाली काढली, तर वहीचा पुठ्ठा आणि पहिली तीन पानं तेवढी शाबूत, बाकी वाळवीनं खाल्लेली. त्या तीन पानांत मंडपवाल्याचा आणि आचाऱ्याचा हिशोब आहे. आहेराला सुरुवात होते तिथूनच माती.

"मामी, हल्ली पत्रिकेत छापतात की, आपली उपस्थिती हाच आहेर."

"ते छापायला असतं," मामी म्हणाल्या. "शूटिंगमधी दिसंल बघ सगळं. येऊन लावून दे."

शुक्रवारी रात्रीची स्वारगेटहून सुटणारी एसटी धरली. पिशवीत लॅपटॉप, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर, दोन पेनड्राइव्ह. आणि पोटात एक बारीकशी भीती, जिचं कारण पुढं येईल.

मामांच्या सोप्यात कोपऱ्यात ते टेबल अजून तसंच आहे. वर सतरा इंची मॉनिटर, मागं पाठ काढलेला, आणि त्यावर मामींनी क्रोशानं विणलेलं झाकण. २००५ साली ताईच्या धाकट्या भावाला एमएस-सीआयटीसाठी म्हणून साताऱ्याहून असेंबल करून आणलेला कंप्यूटर. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीवरून हात काढून घेतला, पण ही बातमी इथवर आली नाही आणि आली असती तरी काही बिघडलं नसतं. या कंप्यूटरला इंटरनेट कधीच नव्हतं. मामेबंधू नोकरीला बेंगळुरूला गेले आणि त्यानंतर हा कंप्यूटर म्हणजे मामींची लग्न बघायची पेटी झाली. व्हीसीडी, म्हणजे शूटिंगची किंवा पिच्चरची सीडी, लावायचा प्लेअर जळाल्यापासून मामी त्यावरच सीड्या लावतात. कुठलं बटण दाबायचं, कुठं दोनदा टिचकी मारायची, हे सगळं त्यांना पाठ आहे. मॉनिटर बंद करताना त्याला नमस्कारही करतात.

मी माझी डीव्हीडी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे आत ढकलला आणि कान लावला.

आपल्याकडं 'लागत नाही' हा शब्द फार उदार आहे. दिवा लागत नाही, फोन लागत नाही, झोप लागत नाही, अभ्यासात मन लागत नाही. सीडीच्या बाबतीतही तोच एक शब्द, आणि त्याच्या आत चार-पाच वेगवेगळे आजार. ड्राइव्हला आत काही ठेवलंय हेच कळत नाही, हा एक. कळतं, पण ते रिकामं वाटतं, हा दुसरा. फाइली दिसतात पण उघडत नाहीत, हा तिसरा. उघडतात, चालतात, आणि भर रंगात येऊन थांबतात, हा चौथा. मामींनी फोनवर 'लागंना' म्हटलं तेव्हा मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. एसटीत बसून मनातल्या मनात दोष मात्र देऊन टाकला होता: जुना कंप्यूटर, दुसरं काय.

ड्राइव्ह आधी घरघरला. मग टक्, टक्. परत घरघर, परत टक्. चष्मा घरी विसरलेला माणूस लग्नपत्रिका कधी लांब धरून, कधी जवळ आणून बघतो, तसं आतलं भिंग पुढंमागं होत होतं. अर्ध्या मिनिटानं सगळं शांत. स्क्रीनवर काहीच नाही.

मी डिस्क काढून लॅपटॉपच्या रायटरमध्ये घातली. तिथं ती व्यवस्थित दिसली. पण तिची माहिती उघडून बघितली तर पुढं लिहिलेलं: डिस्क खुली आहे. आणि मला तो क्षण आठवला. डिस्क जाळताना, म्हणजे तिच्यावर लिहिताना, सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, डिस्क फायनलाइज, म्हणजे बंद, करायची का? मी नको म्हटलं होतं. ४.७ जीबीची डिस्क, निम्म्याहून जास्त रिकामी, पुढं ताईच्या मुलांच्या बारशाचे फोटो त्यात टाकता येतील असा काटकसरी विचार. डिस्क बंद करताना रायटर तिच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका पक्की करतो आणि मजकूर संपतो तिथं 'इथे संपलं' अशी खूण लिहितो. ज्या रायटरनं जाळली त्याला या खुणा नसल्या तरी चालतं, त्याचं तो वाचतो. दुसऱ्याच्या ड्राइव्हला, त्यातही जुन्याला, बंद न केलेली डिस्क म्हणजे नुसती चकाकती थाळी.

तिथल्या तिथं ती बंद केली. पाच मिनिटं लागली. मोठ्या ऐटीत परत मामींच्या कंप्यूटरमध्ये घातली. घरघर, टक्. घरघर, टक्. शांत.

"सरक जरा," मामी म्हणाल्या. हातात दोन डब्या. "ह्या लावून बघ. पिच्चरच्या हायत."

एक व्हीसीडी, एक डीव्हीडी, दोन्ही दुकानातून आणलेल्या. २००७ साली मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली होती, त्या लाटेत एसटी स्टँडवर अशा डब्यांचे ढीग लागायचे. व्हीसीडी लगेच लागली. डीव्हीडी लागली नाही. कारखान्यात छापलेली, ओरखडा नसलेली डीव्हीडी, आणि तीच घरघर, तीच टक्.

मी मामींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "मिक्सर चालंना झाला की दुसरं भांडं लावून बघत्यात. भांडं बिघडलंय का मोटार, तेवढं तरी कळतं."

मी कंप्यूटरवर पोट भरतो. ही तपासणी मी सगळ्यात आधी करायला हवी होती.

असल्या कॉम्बो ड्राइव्हमध्ये दोन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, लाल. डीव्हीडीवरच्या खुणा बारीक आणि दाटीवाटीनं असतात, म्हणून प्रकाशही बारीक लागतो. सीडीवर एका फेऱ्यापासून दुसऱ्या फेऱ्यापर्यंतचं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४. दोन्ही लेझर एकाच वयात थकतात असं नाही. मामींच्या ड्राइव्हचा लाल लेझर गेला होता आणि दुसरा ठणठणीत होता, एवढीच गोष्ट. खुल्या डिस्कचा माझा दोष या दोषामागं दडून बसला होता. समजा लेझर बरा असता, तरी माझी डीव्हीडी बहुतेक लागली नसती. बंद करून बघितली तेव्हा लेझर गेलेला. दोन बिघाड असे एकमेकांच्या आड उभे राहिले की माणूस एक दुरुस्त करतो, फरक पडत नाही, आणि त्याला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी हात घातला.

पेनड्राइव्हचं काय, असं कुणाच्याही मनात येईल. माझ्याही आलं. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लावला तर एक्सपीनं विचारलं, फॉरमॅट करू का? पेनड्राइव्ह होता एक्सफॅटमध्ये, आणि ती लिपी साध्या एक्सपीला येत नाही. मामींचा हात माउसवर होता आणि 'येस'वर टिचकी मारायची त्यांना सवय आहे. मी जवळजवळ ओरडलोच. दुसरा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर जुन्या फॅट३२ मध्ये बसवून घेतला, त्यात व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि डीव्हीडीतलीच लग्नाची एमपीफोर फाइल. व्हीएलसी म्हणजे ते रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी शंकूचं चिन्ह असलेलं. पॅरिसजवळच्या एका कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं काम. त्याची तिसरी मालिका आजही एक्सपीवर चालते, ही माणुसकी मोठमोठ्या कंपन्यांत दिसत नाही.

फाइल उघडली. नवरी मांडवात आली, म्हणजे तिचं एक पाऊल आलं. मग तीन सेकंद ती तशीच उभी. मग दुसरं पाऊल. आवाज मात्र पुढं निघून गेलेला, भटजी 'शुभमंगल सावधान' म्हणतायत आणि चित्रात अजून ओवाळणं चाललंय.

हेही माझंच. मूळ व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. १९९३ साली ठरलेलं ते माप, सेकंदाला ११५० किलोबिट चित्रासाठी आणि २२४ आवाजासाठी, आणि एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं. म्हणून तर लग्न तीन भागांत यायचं. मी काय केलं, तर पुण्यात बसून ते चित्र फुगवून १९२० बाय १०८० केलं. फुल एचडी. ठिपके विसपट झाले. नाकडोळे विसपट सोडा, पूर्वीइतकेच धूसर. जे मुळात टिपलंच गेलं नाही ते फुगवून कुठून येणार? पण फाइलच्या नावापुढं १०८० लिहिलेलं बघून मला समाधान वाटलं होतं. त्या फुगवट्याचं ओझं आता या म्हाताऱ्या पेंटियमनं वाहायचं, तेही त्याच्या जन्मानंतर रुळलेल्या पद्धतीनं दाबून भरलेलं.

"पूर्वी पळायचं की हे," मामा आतून म्हणाले. चहा घेऊन आले आणि नवरीचं तिसरं पाऊल बघून परत गेले.

पळायचं, कारण पूर्वी त्याला त्याच्या बेताचं दिलं जायचं.

आता त्या भीतीविषयी.

मामींनी भाग २ ची जुनी सीडी काढली. "हीच आपली बरी. फक्त शेवटाला अडकते." लावली. चालली. कन्यादान झालं, सप्तपदी झाली, कानपिळीला ताईच्या भावानं दाजींचा कान असा पिळला की मांडव हसला. एक तासाच्या आसपास चित्र अडखळायला लागलं, हिरवे चौकोन आले आणि कंप्यूटर गोठला.

"हितंच," मामी म्हणाल्या. "ह्याच्या फुडं आहेर हाय."

मला ते माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ही सीडी उतरवून घेताना कॉपी तिथंच तुटली होती. विंडोजनं सायक्लिक रिडंडन्सी चेकचा, म्हणजे वाचलेलं जुळत नाही असा, संदेश दाखवला होता. दोनदा प्रयत्न केला, मग शेवटची अकरा मिनिटं सोडून दिली. मनात म्हटलं, महत्त्वाचं सगळं आलंय. लग्न लागलं, सप्तपदी आली. पुढं नुसती माणसं येऊन फोटोला उभी राहतात आणि पाकिटं देतात, ते कोण बघतंय! मामींना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हणजे माझी डीव्हीडी लागली असती, नवरी पळत मांडवात आली असती, तरी मामींना हवं होतं तेवढंच नेमकं त्यात नव्हतं.

ते मी आता सांगितलं. मामी काही बोलल्या नाहीत. सीडी उलटी करून उजेडाला धरली आणि म्हणाल्या, "डाग पडलाय का बघू."

सीडी वाचायला सुरुवात होते ती भोकाजवळून, आणि मजकूर गोल फिरत फिरत बाहेरच्या कडेकडं जातो. आपल्या ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोब्बर उलटं. म्हणून भरलेल्या सीडीचा शेवट तिच्या काठावर असतो, आणि काठ म्हणजे आपण बोटांनी धरतो ती जागा. लग्नाच्या सीडीत शेवटाला आहेर नाही तर पाठवणी. म्हणजे घरोघरच्या सीड्यांतून सगळ्यात आधी काय गेलं असेल ते ओळखा.

त्यात व्हीसीडीची एक वेगळी गंमत. साध्या सीडीवर प्रत्येक कप्प्यात माहितीचे २०४८ बाइट असतात आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याची जादा सोय. व्हीसीडीत ती सोय काढून कप्प्यात २३२४ बाइट चित्रच भरलेलं. म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर ८०० च्या आसपास मावतं. विचार असा की चित्रातला एखादा ठिपका चुकला तर डोळा चालवून घेतो. डोळा घेतो हो. विंडोजची कॉपी घेत नाही. एक कप्पा वाचता आला नाही की ती तिथंच काम टाकते, पुढचे सगळे कप्पे धडधाकट असले तरी.

उजेडात सीडीवर ओरखडे दिसले, सगळे गोल. विहिरीच्या रहाटाच्या दोरीनं दगडावर पडतात तसे.

"मामी, ही पुसता कशी तुम्ही?"

त्यांनी पदर घेतला आणि ताट पुसतात तशी गोल गोल पुसून दाखवली. वीस वर्षं अशीच. आता मजकूरही गोल आणि ओरखडाही गोल. तो एकाच फेऱ्यातले लांबच्या लांब अक्षर न् अक्षर खाऊन टाकतो. भोकाकडून काठाकडं सरळ पुसलं तर ओरखडा पडला तरी प्रत्येक फेऱ्यातला एखादा बिंदू जातो, तेवढं ड्राइव्ह सांभाळून घेतो. हे मी सांगितलं. मामी उठल्या, न्हाणीत गेल्या, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मामांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला आणि नळाखाली धरून काठाकडं, काठाकडं, काठाकडं पुसत राहिल्या. तुपाचा असावा असा एक ठसा निघून गेला. अंगठ्याचाच होता.

वरची बाजू जास्त वाईट होती. स्टुडिओवाल्यानं गोल कागदी लेबल चिकटवलेलं. बदामात ताई आणि दाजी, भोवती गुलाब. वीस पावसाळ्यांच्या दमटपणानं एका बाजूला त्याला फुगा आला होता. मामींचं नख तिकडं वळलं तेव्हा मी त्यांचा हात धरला. पुष्कळांना वाटतं मजकूर चकाकत्या बाजूला असतो. तो असतो वर, लेबलाखालच्या लाखेच्या पातळ थराला लागून. चकाकतं दिसतं ते खालच्या १.२ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून. लेबल सोलायला जावं तर त्याबरोबर दाजींचा आख्खा वऱ्हाडी घोळका निघून हातात यायचा. पण लेबल ठेवावं तरी पंचाईत. एका बाजूला फुगलेली थाळी जोरात फिरली की थरथरते, आणि थरथर सगळ्यात जास्त काठावर.

उपाय एकच: हळू फिरवायची. मामींच्या ड्राइव्हवर ५२ एक्स, म्हणजे बावन्नपट वेग, असं लिहिलंय, तो सुरुवात झाली की सुटतोच. त्यातून त्या ड्राइव्हचं आणखी एक दुखणं सापडलं. एक्सपीची रीत अशी की ड्राइव्हकडून माहिती घेताना पुन्हा पुन्हा चूक झाली, सहा वेळा, की ती पायरी पायरीनं वेग उतरवते आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओ नावाच्या जुन्या पद्धतीवर येते. मग प्रत्येक घमेलं प्रोसेसरनं स्वतः डोक्यावर वाहायचं. आणि एकदा खाली उतरली की आपण होऊन परत वर चढत नाही. मामींनी ती अडकणारी सीडी वर्षानुवर्षं लावून लावून सहाचा आकडा कधीच ओलांडला असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो आयडीई चॅनल, म्हणजे ड्राइव्ह जोडलेली वाट, काढून टाकला आणि कंप्यूटर पुन्हा सुरू केला. चॅनल आपोआप परत आला, यावेळी ताजातवाना.

"म्हंजी सहा ठेचा लागल्या की ह्यानं पळायचंच सोडलं?" मामांनी विचारलं.

"होय."

"शाणं हाय."

रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपला रायटर जोडून, वेग ४ एक्सवर बांधून, सीडी घातली. कॉपी करायची नाही. वाचता येईल ते आधी घ्यायचं, अडेल तो कप्पा सोडून पुढं जायचं, शेवटी मागं येऊन सोडलेल्यांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, असं काम करणारं सॉफ्टवेअर लावलं. वाढपी पंगतीत करतो तेच. एखाद्याचं ताट अजून आलं नाही म्हणून अख्खी पंगत उपाशी ठेवत नाहीत. पहिल्या फेरीत अकरा मिनिटांतली पाच हाती लागली. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत थेंब थेंब. मी सोप्यात सतरंजीवर पडलो होतो आणि रायटरची घरघर ऐकत होतो. बाहेर कुत्री भुंकत होती. दोनच्या सुमाराला आकडा आठ मिनिटांवर येऊन थांबला, पुढं हलेना.

तेवढं लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

आमच्याकडं आहेराच्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण वही घेऊन बसतो आणि शेजारचा माइकवरून पुकारतो, अमुक गावचे अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. माझा सगळा भरवसा त्या पुकाऱ्यावर होता. चित्र फाटकं असलं तरी नाव आणि आकडा कानावर येईल. पण स्टुडिओवाल्यानं मिक्सिंग करताना आहेराच्या अकरा मिनिटांवर सिनेमातलं गाणं टाकलं होतं. एक संपलं की दुसरं. त्याखाली माइकवाल्याचा आवाज पार पुसून गेलेला. वरून पाकळ्याही पडत होत्या.

मामी पाचला उठतात. चुलीवर पाणी ठेवत होत्या तेव्हाच सांगून टाकलं. "मामी, चित्र मिळालंय थोडं. आवाज नाही. गाणं आहे."

"गाणं तर असणारच. मिक्सिंगचं येगळं हजार घेतलं हुतं त्यानं."

"मग पुकारा ऐकू येणार नाही."

"मला बघायचंय. ऐकायचं कुठं म्हटलं?"

त्यांच्या कंप्यूटरवर बघायचं तर सीडी हवी. तालुक्याला गेलो. लग्नाचं शूटिंग करणारा तो स्टुडिओ आता मोबाइलची कव्हरं विकतो. दोन दुकानं सोडून झेरॉक्सवाल्याच्या कपाटात कोऱ्या सीड्यांची अर्धी चळत निघाली, वर बोटभर धूळ. "किती पायजेत?" म्हणाला. दोन म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मूळचं माप कायम ठेवलं, ३५२ बाय २८८. फुगवणं नाही. रायटर देत होता त्यातला सगळ्यात कमी वेग घेतला, व्हीसीडी म्हणूनच जाळली आणि बंद केली.

दुपारी सगळे मॉनिटरपुढं बसलो. ट्रे आत गेला, एकच घरघर, टक् झालं नाही, आणि चित्र आलं.

ताई आणि दाजी लाल मखमली खुर्च्यांवर. माणसं डावीकडून चढतात, हात पुढं होतो, कॅमेऱ्याकडं बघतात, उजवीकडून उतरतात. मामी प्रत्येकाचं नाव घेत होत्या. मधेच चौकोन पसरायचे आणि एक माणूस अर्ध्यात नाहीसा होऊन दुसरा अर्ध्यात उगवायचा. मामांच्या तरुणपणातल्या मिशा आल्या तेव्हा मामी नुसत्या "हं" म्हणाल्या.

मग वडूजच्या मावशी पायरी चढताना दिसल्या. हिरवं लुगडं. हातात काहीतरी आहे, पण पुढं उभ्या माणसाच्या फेट्याआड. आणि हिरवे चौकोन. सगळा पडदा भरून, गाण्याचं अख्खं कडवं होईपर्यंत. चित्र परत आलं तेव्हा मावशी उजवीकडून उतरत होत्या, हात रिकामे.

मी काही बोलणार तोच मामी म्हणाल्या, "मागं घे."

घेतलं.

"हितं थांबव. ताईच्या खुर्चीच्या पायापाशी काय काय हाय?"

साडीचे दोन खोके. एक पिशवी.

"आता फुडं घे. मावशी उतरतीय तिथं. थांब."

साडीचे दोन खोके, एक पिशवी, आणि त्यांच्या पुढं पिवळं, गोल, चमकतं काहीतरी. ठिपके मोजून चाळीसच्या आत.

"पुन्यांदा मागं."

तीनदा केलं. तिसऱ्यांदा मामी खुर्चीवरून उठून काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"पातेलं हाय. वर झाकण हाय बघ, कडी दिसतीय." मग मागं वळून मामांना म्हणाल्या, "अवो, हे तर ताईकडं बघितलंय मी. दूध तापवती की त्यात. मला इतकी वर्सं वाटतंय, सासरचं हाय तिच्या."

मामांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मागचं पान उलटलं आणि खिशातला पेन झटकला. वडूज, पातेलं, झाकणासह, असं मोठ्यानं म्हणत लिहिलं.

"पितळी लिवा," मामी म्हणाल्या. "न्हायतर सतरा दिसांनी स्टीलचं आणाल."